सालामांकाचा वर्ग आणि मायबोलीचा खटला

स्पेनमधील सालामांका विद्यापीठाच्या जुन्या वास्तूत फ्राय लुईस दे लेओन यांच्या नावाचा एक वर्ग जतन करून ठेवलेला आहे. ओबडधोबड तासलेल्या तुळयांची बाके आणि समोर अध्यापकाचे उंच आसन, एवढाच त्याचा थाट. आज देशोदेशींचे विद्यार्थी स्पॅनिश भाषा, वाङ्मय आणि संस्कृती शिकण्यासाठी या नगरीत येतात. परंतु सोळाव्या शतकात त्या बाकांवर बसणाऱ्या विद्यार्थ्याला, आपली घरची बोली हाही विद्यापीठात शिकण्याचा विषय होईल, हे सांगून पटले नसते. सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना सालामांकाचे नाव आम्ही ईशज्ञानाचे माहेरघर म्हणून ऐकले होते. त्याच माहेरघरात मायबोलीवर आलेला प्रसंग आम्हांला पुढे वाचनातून कळला.

लेओनचा राजा नववा आल्फोन्सो याने 1218 साली या विद्यापीठाचा पाया घातला. विद्येची भाषा अर्थातच लॅटिन. व्याख्यान लॅटिनमध्ये आणि वादविवादही लॅटिनमध्ये. कास्तिलियन, म्हणजे आज आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती, बाजाराची आणि माजघराची भाषा होती. या भाषेचे पहिले छापील व्याकरण 1492 साली सालामांकातच निघाले. ते लिहिणारे आंतोनियो दे नेब्रिहा लॅटिनचे नामवंत पंडित होते. ग्रंथ राणी इझाबेलाला अर्पण करताना, सत्ता आणि भाषा यांची नेहमीच सोबत असते, हा विचार त्यांनी प्रस्तावनेत मांडला. जिंकलेल्या लोकांना विजेत्याची भाषा शिकविण्यास हे व्याकरण उपयोगी पडेल, असा हिशेब त्यामागे होता. त्याच वर्षी कोलंबसाची गलबते पश्चिमेस निघाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या हिशेबाचा अर्थ उलगडतो.

फ्राय लुईस यांना भाषेची गरज भासली ती मात्र निराळ्या कारणाने. ते ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू, कवी आणि सालामांकाचे प्राध्यापक. लॅटिन न जाणणाऱ्या एका धर्मभगिनीसाठी त्यांनी बायबलमधील ‘गीतरत्न’ मूळ हिब्रूवरून कास्तिलियनमध्ये उतरविले आणि सोबत विवरण लिहिले. ते हस्तलिखित केवळ तिच्यापुरते होते. परंतु त्यांच्या खोलीतून एकाने गुपचूप नक्कल करून घेतली आणि ती हातोहात पसरली. बायबलचे लोकभाषेतील भाषांतर त्या काळी स्पेनमध्ये निषिद्ध होते. शिवाय व्हल्गेट या लॅटिन बायबलपेक्षा हिब्रू संहितेला ते अधिक मान देतात, असाही आरोप होता. त्यांचे पूर्वज ज्यू होते, हेही विरोधकांच्या पथ्यावर पडले. 

तक्रार करणारे कोणी परके नव्हते, विद्यापीठातलेच सहकारी होते. 1572 च्या मार्चमध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायपीठाने, त्यांना वायादोलिदच्या तुरुंगात टाकले. गास्पार दे ग्राहाल या त्यांच्या सहकाऱ्यालाही त्याच सुमारास अटक झाली होती. ते 1575 साली तुरुंगातच वारले. फ्राय लुईस जवळजवळ पाच वर्षांनी, 1576 च्या डिसेंबरात, निर्दोष सुटले. वर्गात परतल्यावर, ‘काल आपण म्हणत होतो’ अशी सुरुवात करून त्यांनी व्याख्यान पुढे चालविले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, सालामांकाने ती आजवर जपली आहे. ख्रिस्तसभेतील माणसांनीच ख्रिस्तसभेच्या एका पुत्रावर केलेला हा अन्याय लपवून ठेवण्यात आम्हांला शहाणपण वाटत नाही.

तुरुंगवासाने हा माणूस गप्प बसला नाही. 1583 साली त्यांनी ‘ख्रिस्ताची नावे’ हा ग्रंथ कास्तिलियनमध्येच प्रसिद्ध केला. मेंढपाळ, मार्ग, शांतीचा राजा अशा बायबलमधील नावांवर तीन मठवासी मित्र मळ्यात बसून संवाद करतात, अशी त्याची रचना आहे. एवढा गहन विषय लोकभाषेत कशाला, अशी टीका झाली. 1585 च्या आवृत्तीत त्यांनी उत्तर दिले. प्लेटो, सिसेरो, संत बासिल, संत योहान ख्रिसोस्तोम यांनीही आपापल्या मायबोलीतच लिहिले होते. मायबोलीत लिहिणे म्हणजे बोलू तसे खरडणे नव्हे. तेथेही शब्द पारखावा लागतो, त्याचे वजन आणि नाद तोलावा लागतो. पुढे 1588 साली आव्हिलाच्या संत तेरेजाचे ग्रंथ छापले गेले, तेही त्यांच्याच संपादनाखाली. लॅटिन न शिकलेल्या एका स्त्रीचे लेखन एका प्राध्यापकाने शब्दन् शब्द जपून छापविले, ही घटना आम्हांला फार मोठी वाटते.

विद्यापीठीय अभ्यास मागाहून आला. स्पॅनिश वाङ्मयाचा विस्तृत इतिहास 1849 साली लिहिला तो अमेरिकेत, हार्वर्डचे माजी प्राध्यापक जॉर्ज टिकनर यांनी. माद्रिद येथे 1910 साली स्थापन झालेल्या ऐतिहासिक अध्ययन केंद्रात रामोन मेनेन्देस पिदाल यांनी भाषेच्या इतिहासाला शास्त्राची बैठक दिली. या अभ्यासक्रमांत आज फ्राय लुईस, संत तेरेजा आणि सालामांकाचेच विद्यार्थी असलेले क्रूसाचे संत योहान यांचे साहित्य मानाने शिकविले जाते. ज्या लेखनापायी तुरुंग भोगावा लागला, तेच पाठ्यपुस्तक झाले.

‘ख्रिस्ताची नावे’ प्रसिद्ध झाल्यावर 33 वर्षांनी, 1616 साली, गोव्यात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. या दोघांची कधी गाठ पडली नाही. परंतु लॅटिनमध्ये मुरलेले हे दोन्ही धर्मगुरू सामान्य भाविकासाठी लोकांच्या भाषेकडे वळले. आज आपण मराठीतून मिस्सा ऐकतो आणि मराठीतून बायबल वाचतो, ते इतके सहज झाले आहे की त्याचे मोल जाणवत नाही. ते जाणवावे, म्हणून सालामांकातील त्या रिकाम्या बाकांची ही आठवण.