प्रागैतिहासिक मानवाची साधननिवड : हाड आणि शिंग यांच्या अवजारांचा एक अभ्यास

प्रस्तावना
प्रागैतिहासिक अवजारांच्या अभ्यासात दगडी हत्यारांना अग्रस्थान मिळत आले आहे. हाडे व शिंगे यांची अवजारे बहुधा एकाच शीर्षकाखाली नोंदवली जातात आणि ती शिकारीतून उरलेल्या अवशेषांपासून सहजगत्या बनवली गेली असावीत, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक कितपत टिकते, याचा विचार इंग्लंडमधील स्टार कार या मध्याश्मयुगीन स्थळाच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

हाड व शिंग : गुणधर्मांतील भेद
गाय-बैलांची शिंगे म्हणजे हाडाच्या गाभ्यावरील केराटिनचे आवरण होय. हरणवर्गीय प्राण्यांचे शिंग मात्र स्वतःच अस्थिमय असते. ते दरवर्षी गळते व पुन्हा उगवते. जॉन करी यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार लाल हरणाच्या शिंगात खनिजांचे प्रमाण सुमारे ५९ टक्के, तर गायीच्या मांडीच्या हाडात ६७ टक्के असते. त्यामुळे हाड अधिक ताठ असते व संथ भार अधिक पेलते. परंतु शिंग तोडण्यास लागणारी ऊर्जा हाडाच्या सुमारे साडेतीन पट भरते. आघात सोसणाऱ्या भाल्याच्या टोकास शिंग आणि टोचणी किंवा खरवडणीस हाड अनुरूप ठरते, ते यामुळेच.

स्टार कारचा पुरावा
यॉर्कशायरमधील एका प्राचीन सरोवराच्या काठी सुमारे इ. स. पू. ९३०० ते ८५०० या काळात ही वस्ती होती. ग्रॅहम क्लार्क यांनी १९४९ ते १९५१ या काळात केलेल्या उत्खननात १९१ दातेरी टोके मिळाली. ती जवळजवळ सर्व लाल हरणाच्या शिंगाची आहेत. शिंगावर चकमकीच्या दगडाने लांब समांतर चर पाडून त्यांमधील पट्टी सोडवून घेतली जाई आणि मग तिला दाते पाडले जात. याच स्थळी कुदळीसारखी अवजारे एल्कच्या शिंगाची, तर कातडी कमावण्याची साधने ऑरॉक या रानबैलाच्या हाडांची आहेत. येथील लोक रो हरीण व रानडुक्कर यांचीही शिकार करीत. तरीही दातेरी टोकांसाठी लाल हरणाचे शिंगच पसंत केले गेले. आहाराची यादी आणि साधनसामग्रीची यादी येथे जुळत नाही. अवजारे केवळ जेवणाच्या उरलेल्या अवशेषांतून घडली असती, तर ही तफावत पडली नसती.

संग्रह व ऋतुमान
लाल हरणाची शिंगे वसंत ऋतूत गळतात. त्यामुळे शिकार न करताही ती गोळा करता येतात, साठवता येतात व अन्यत्र नेता येतात. क्लार्क यांनी शिंगांच्या अवस्थेवरून येथील वास्तव्य हिवाळ्यातील मानले होते. लेग व रोली-कॉनवी यांनी १९८८ मध्ये प्राण्यांच्या हाडांचे पुनर्परीक्षण करून उन्हाळी वास्तव्याकडे निर्देश केला. साठवलेले शिंग हे वास्तव्याच्या ऋतूचा विश्वसनीय पुरावा ठरत नाही, हा या मतभेदातून मिळणारा महत्त्वाचा बोध होय.

उपयुक्ततेपलीकडे
तथापि, केवळ यांत्रिक गुणधर्मांनी निवडीचे पूर्ण स्पष्टीकरण होत नाही. उत्तर समुद्राखाली गेलेल्या डॉगरलँड या भूप्रदेशातील, नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर सापडलेल्या दहा दातेरी टोकांचे कोलॅजेन या प्रथिनाच्या आधारे परीक्षण झाले. आठ टोके हरणवर्गीय प्राण्यांची, तर दोन मानवी हाडांची निघाली. इतर प्राणी उपलब्ध असताना मानवी हाड वापरले जाणे हे संशोधकांना सांस्कृतिक निवडीचे लक्षण वाटते. निखळ उपयुक्ततावादी दृष्टीने याचा उलगडा होणे कठीण आहे.

निष्कर्ष
अवजारासाठी सामग्री निवडताना आघात सोसण्याची क्षमता, ऋतूनुसार उपलब्धता आणि त्या प्राण्याविषयीची समाजाची धारणा हे तीन घटक एकत्रितपणे कार्य करीत होते, असे उपरोक्त विवेचनावरून दिसते. भारतातही गंगेच्या खोऱ्यातील महदहा या मध्याश्मयुगीन स्थळी हाड व शिंग यांच्या वस्तू मिळाल्या आहेत. अशा वस्तूंची नोंद करताना हाड की शिंग, कोणत्या प्राण्याचे आणि कोणत्या कामासाठी हे स्वतंत्रपणे नोंदवणे आवश्यक आहे. ‘हाडांची अवजारे’ या एकाच शीर्षकाखाली प्राचीन मानवाचा विचारपूर्वक केलेला निर्णयच लुप्त होतो.