ब्राह्मी लेख बोटांनी वाचायचा तर...

पेटची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, प्रस्तावात ‘अपंगांसाठी सुविधा’ हा मुद्दा आला की आपण काय लिहितो? रॅम्प, लिफ्ट, ब्रेल पाट्या. झालं, परिच्छेद संपला! मीही तेच लिहिलं होतं. मग एक दृष्टिहीन मैत्रीण माझ्याबरोबर नाशिकच्या पांडवलेण्यांत आली आणि तो परिच्छेद बाद झाला.

दहाव्या लेण्यात मी तिला उषवदाताचा लेख सांगू लागले. नहपानाचा हा जावई. त्याने विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेवले, २००० दरमहा शेकडा एक दराने आणि १००० पाऊण दराने. व्याज भिक्षूंसाठी. तिने मध्येच विचारलं, “अक्षरं रंगवलेली की कोरलेली?” कोरलेली. “मग मला नुसता अर्थच का सांगतेस?”

उत्तर नव्हतं. मूळ लेखावर हात फिरवू देता येत नाही, दगड झिजतो. पण आपल्याच विषयात एक जुनी रीत आहे, ठसा घेण्याची. ओला कागद दगडावर बसवून ब्रशने ठोकायचा, तो अक्षरांच्या खाचांत शिरतो, मग वरून शाई. भगवानलाल इंद्रजींनी १८८३च्या नाशिक गॅझेटियरसाठी, आणि पुढे सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात हे लेख वाचले. अशा वाचनांमागे ठशांचं मोठं काम असतं. म्हणजे लेख डोळ्यांपर्यंत पोचण्याआधी त्याला स्पर्श झालेलाच असतो.

आता गंमत बघा. ठशाचा कागद उलटा केला की अक्षरं वर येतात, बोटांना लागतात, पण आरशातल्यासारखी उलटी! प्रतिकृती करायची तर ठरवावं लागेल: खोल अक्षरं ठेवायची, म्हणजे दगडाशी प्रामाणिक? की उठावाची, म्हणजे बोटाला सोपी? आकार मूळचाच की मोठा? हे निर्णय अर्थ घडवणारे आहेत. सुविधा इथे मांडणीचाच भाग होते. आणि ब्राह्मीपुढे आपण बहुतेक डोळस लोकही निरक्षरच, त्यामुळे त्या प्रतिकृतीपाशी सगळे एकाच रांगेत.

ही कल्पना हवेतली नाही. मुंबईत २००६ साली पार्थो भौमिक यांनी ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ सुरू केलं. दृष्टिहीनांनी काढलेली छायाचित्रं, सोबत उठावाची स्पर्शचित्रं, ब्रेल मजकूर आणि ध्वनिवर्णन असं त्यांच्या प्रदर्शनांचं रूप. तिथे दृष्टिहीन व्यक्ती प्रेक्षक आहे आणि कलावंतही. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं ‘अनुभव’ हे २२ स्पर्श-प्रतिकृतींचं दालन वेगळ्या वाटेचं: वस्तू आधीच्या, स्पर्श नंतरचा. दोन्हींची गरज आहे, पण दोन्ही एकच नव्हेत. तुमच्या अभ्यासात हा फरक स्पष्ट ठेवा.

कायद्याचा आधारही आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २९ कला सुगम करायला सांगतं, शिवाय अपंगत्वाच्या इतिहासाचं संग्रहालय उभारायलाही.

तेव्हा प्रस्ताव लिहिताना ‘सुविधा आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. ती केव्हा आली, कोणी ठरवली, आणि तिने कलाकृतीत काय बदललं, हे विचारा. माझ्या प्रस्तावात आता हेच तीन प्रश्न आहेत. पहिला मसुदा मी मैत्रिणीला वाचून दाखवणार आहे. ठसा मात्र तिच्या हातात देणार.