किहीमचा मुक्काम

समुद्रकाठी बंगली घेऊन चार दिवस हवा खाण्यास जावे ही रीत आमच्या मुलखात नाही. तामलवाडी ही सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरची वस्ती. येथला माणूस घर सोडतो तो तुळजापूरच्या किंवा पंढरपूरच्या वारीला, नाही तर कामाच्या शोधात. सुटी म्हणून कोठे जावयाचे असते हे आम्हांला कोणी शिकविले नाही आणि परवडलेही नाही. तरीसुद्धा आज अलिबागजवळच्या किहीम गावातील एका मुक्कामाचा इतिहास सांगण्याचे आम्ही योजिले आहे. कारण हा मुक्काम नोकरी गेल्यामुळे घडला, आणि तो विषय आमच्या परिचयाचा आहे.

नोकरी गेलेले गृहस्थ म्हणजे सलीम अली. जन्म 1896, मुंबईचा. लहानपणीच आईबाप गेले; मामांनी सांभाळले. पक्ष्यांचा नाद दांडगा, पण हाती विद्यापीठाची पदवी नाही. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा होती, ती पदवीअभावी मिळाली नाही. (आमच्यासारख्या शाळा अर्धवट सोडलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.) पुढे 1926 साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना प्राणिविभागाची माहिती देण्याचे काम मिळाले. पगार महिना 350 रुपये. गिरणीतल्या माणसाच्या पगाराच्या तो कितीतरी पट होता, तेव्हा हे काही दरिद्रीनारायण नव्हेत, हे आधीच सांगितलेले बरे. 1928 मध्ये रजा काढून ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. 1930 साली परत येऊन पाहतात तो पैशाच्या टंचाईमुळे जागाच रद्द झालेली. हल्ली ज्याला कपात म्हणतात, तीच ही.

अशा वेळी आमचा यंत्रमागवाला काय करतो? खोलीचे भाडे थकते, बायको विड्या वळते, मुलाची शाळा सुटते. सलीम अलींना मात्र एक आधार होता. पत्नी तेहमिना यांच्या माहेरचे घर किहीमला होते. नवराबायको तेथे राहावयास गेली. एका बाजूस समुद्र, एका बाजूस नारळीच्या बागा आणि भातखाचरे. भाड्याची काळजी नाही. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. आणि पावसाळा लागताच त्यांची बांधकामे सुरू झाली.

सुगरणीचा खोपा आपण सर्वांनी पाहिला आहे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला तो लोंबतो. त्यात ती ओल्या मातीला काजवे चिकटवून दिवा लावते, असे आमच्या आज्या सांगत. अर्धवट राहिलेले खोपे हे नराने झोके घेण्यासाठी केलेले असतात, अशीही समजूत होती. सलीम अली दिवसच्या दिवस त्या वसाहतीसमोर बसून राहिले. कोण येतो, कोण गवत आणतो, कोण कोठे शिरते, हे टिपीत गेले. निघाले ते निराळेच.

खोपा विणतो नर. मादी नव्हे. भाताच्या पातीची, गवताची लांब चिरफळी चोचीने सोलून आणावयाची आणि गाठ मारून गुंफावयाची, अशा शेकडो फेऱ्या तो करतो. खोपा टोपाएवढा झाला की काम थांबते. मग माद्या येतात, आत शिरून पाहतात, ओढून पाहतात. पसंत पडला तर ती त्यात राहते आणि नर पुढची नळी पुरी करतो. नापसंत झाला तर ते काम वाया गेले; अर्धवट खोपे दिसतात ते हेच. टॉवेलचा नग नापास झाला की मजुरी बुडते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगावयास नको. मादी अंडी उबवू लागली की नर शेजारी दुसरा खोपा घेतो, त्यात दुसरी मादी, मग जमल्यास तिसरी. असा हा एकामागून एक संसार मांडण्याचा क्रम सलीम अलींनी प्रथम उलगडून दाखविला, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. आमच्या भाषेने मात्र विणकराला बाईचे नाव देऊन ठेवले आहे. बहिणाबाईंनीही खोप्याचे श्रेय तिलाच दिले.

आता आमचा मुद्दा. पाहावयास दुर्बीण लागते, त्याहून अधिक वेळ लागतो. त्याच 1930 साली मुंबईच्या गिरण्यांत कोकणचे हजारो लोक राबत होते. सुगरणीचा खोपा त्यांनी सलीम अलींच्या आधी पाहिलेला होता. शिमग्याला गावी जावयाचे तर पगार बुडवून, आणि परत आल्यावर जागेवर बदलीवाला बसलेला. कारखान्यातल्या माणसाला वर्षाकाठी 10 दिवस पगारी रजा कायद्याने मिळाली ती 1945 च्या दुरुस्तीने; 1948 च्या कायद्याने दर 20 दिवसांमागे 1 दिवस ठरला. भांडून मिळालेल्या या दिवसांकडे काही मंडळी आळसाचे दिवस म्हणून पाहतात. किहीमला तो मनुष्य वरकरणी काय करीत होता? झाडाकडे बघत बसला होता.

पुढची हकीकत आमच्या भागाशी येऊन मिळते. किहीमनंतर, 1931-32 मध्ये, त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला धाराशिव जिल्हा, तामलवाडीसह, तेव्हा निजामाच्याच अमलात होता. ही कामे त्यांनी वेतन न घेता पत्करली. फक्त मुक्कामाचा व प्रवासाचा खर्च मागितला. संघटनेचा माणूस म्हणून आम्हांला हे रुचत नाही. फुकट राबण्याची चाल एकाने पाडली की पुढच्याला दाम मागणे जड जाते. पण दुसरी वाट त्यांना दिसत नव्हती, हेही खरे.

या भटकंतीत तेहमिनाबाई बरोबर असत. सुखवस्तू घरात वाढलेल्या बाईने तंबूत संसार केला. किहीमचे छप्परही त्यांच्याच माहेरचे. 1939 साली एका शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ निघाले ते 1941 साली.