महाडचा ठराव आणि तळ्याचें पाणी

बुलढाणा जिल्ह्यांतील वडनेर भोलजी हें मलकापूर व नांदुरा यांच्या दरम्यान महामार्गावर वसलेलें गांव. तेथें नगरपालिका नाहीं, ग्रामपंचायत आहे. पिण्याचें पाणी, रस्ते, दिवाबत्ती, आरोग्य हीं कामें सन १९५८ च्या अधिनियमानें अशा पंचायतींकडे सोंपविलीं आहेत. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्टा ज्या जिल्ह्यांत पसरला आहे, तेथें गोड्या पाण्याचा प्रश्न किती जिव्हाळ्याचा असतो, हें सांगावयास नको. सभेंत विषय निघतो, सूचक व अनुमोदक यांचीं नांवें नोंदलीं जातात आणि ठराव इतिवृत्तांत उतरतो. हा क्रम आपल्या इतक्या अंगवळणीं पडला आहे कीं, ठराव झाला म्हणजे काम झालें, असा पुष्कळांचा समज होऊन बसतो. हा समज कितपत खरा आहे, हें पाहण्यास महाड नगरपालिकेच्या हकीकतीइतकें बोधप्रद उदाहरण आम्हांस दुसरें आढळत नाहीं.

४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदेकौंसिलांत सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या किंवा राखलेल्या विहिरी, पाणवठे व धर्मशाळा, तसेंच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गास खुले असावे, अशी त्यांत शिफारस होती. तिला अनुसरून महाड नगरपालिकेनें ५ जानेवारी १९२४ रोजीं ठराव केला. चवदार तळ्याचा उपयोग अस्पृश्यांनीं करण्यास नगरपालिकेची हरकत नाहीं, असा त्याचा आशय होता.

वाचकांनीं या आशयाकडे नीट लक्ष द्यावें. हरकत नसणें ही एक गोष्ट, आणि हक्क निर्वेधपणें बजावतां येईल अशी तजवीज करणें ही अगदीं निराळी गोष्ट. नगरपालिकेनें आपली हरकत काढून घेतली. गांवची हरकत होती तशीच राहिली. तीन वर्षें लोटलीं, तरी व्यवहारांत कांहींच फरक पडला नाहीं.

पुढें १९ व २० मार्च १९२७ रोजीं महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशीं डॉ. आंबेडकर व परिषदेस आलेले लोक मिरवणुकीनें तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर देवळांत शिरण्याचा बेत असल्याची हूल उठली, प्रतिनिधींस मारहाण झाली आणि १०८ घागरींच्या विधीनें तळें ‘शुद्ध’ करण्यांत आलें. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे बोले यांचा ठराव मंजूर झाल्यास बरोबर चार वर्षें होतांच, महाड नगरपालिकेनें आपला ठराव रद्द केला.

हकीकतीचें मर्म येथेंच आहे. ठराव निजून होता तोंवर तो रद्द करण्याची निकड कोणासही भासली नाहीं. त्याचा कोणी उपयोग करतांच तो असह्य झाला. डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रह करण्याचें ठरलें. परंतु तळें खाजगी मालकीचें आहे अशी फिर्याद होऊन न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम निघाला, आणि त्यास मान देऊन सत्याग्रह तहकूब झाला. अखेर १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें दिला. त्यांस वगळण्याची अनादि वहिवाट शाबीत झाली नाहीं, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. एका ओंजळभर पाण्यास पहिल्या ठरावापासून तेरा वर्षांहून अधिक काळ लागला!

ठराव करणारे सगळे ढोंगी होते, असें आम्ही म्हणत नाहीं. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे मनापासून झटणारे गृहस्थ तेथें होते. परंतु त्या काळचा मताधिकार कर व मालमत्ता यांवर अवलंबून असे. ज्यांस पाणी हवें होतें त्यांचें बळ मतदानांत फारसें नव्हतें, आणि ज्यांची हरकत होती त्यांचें होतें. जोतीराव फुले यांनीं सन १८६८ मध्यें आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, तेव्हां ठरावाची गरज पडली नाहीं; कारण घरधनी स्वतः हौदापाशीं उभा होता. सार्वजनिक तळ्याचे धनी सर्वच, म्हणून तेथें उभें राहण्याची जबाबदारी कोणाचीच नाहीं, असा प्रकार होतो.

आज परिस्थिति पुष्कळ पालटली आहे. अस्पृश्यता राज्यघटनेनें नष्ट केली. प्रौढ मतदान आलें. ७३ व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींत अनुसूचित जाती, जमाती व स्त्रिया यांच्यासाठीं जागा राखून ठेवल्या. तथापि महाडचा धडा जुना झालेला नाहीं. नळाची वाट कोणत्या वस्तीपर्यंत जाणार, काम कोण करणार, पैसा कोणत्या खात्यांतून येणार, आणि कोणी आडवा आल्यास त्याच्या समोर कोण उभें राहणार, हें ज्या ठरावांत लिहिलेलें नसतें, तो केवळ ‘हरकत नाहीं’ एवढेंच सांगत असतो. वडनेर काय किंवा मुंबई काय, सभेच्या इतिवृत्तावर सही करण्यापूर्वीं सभासदांनीं हे चार प्रश्न एकमेकांस विचारावे.