तोटा कोणाच्या वहीत? घाटावरच्या वाहतुकीचा इतिहास

हिवरा आश्रमात वाहतुकीवर बोलायचं म्हटलं की आधी विवेकानंद जयंतीची पंगत डोळ्यांसमोर येते. लाखो माणसं रांगांनी बसलेली आणि पुरी-वांग्याची भाजी वाढायला ट्रॅक्टर फिरताहेत. वाढप कसं होतं हे आपण कौतुकाने सांगतो. पण ही माणसं इथवर येतात कशी? रेल्वे पकडायची तर खामगाव, शेगाव नाहीतर जालना गाठायचं. मेहकर-चिखली रस्त्यावरच्या या गावाला खरा आधार एसटीचा, नाहीतर काळीपिवळीचा. असं का झालं, याचं उत्तर डोंगरात थोडं आणि करारात जास्त आहे.

आपल्या जिल्ह्यात 'घाटाखाली' आणि 'घाटावर' असे दोन शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. भुसावळ-नागपूर रेल्वे घाटाखालून, मलकापूर-नांदुरा-जलंब-शेगाव अशी गेली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. ती बांधली ग्रेट इंडियन पेनिन्सुला या खाजगी कंपनीने. १८४९च्या करारानुसार कंपनीला जमीन फुकट आणि भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती. नफा कमी पडला तर फरक सरकारी तिजोरीतून, म्हणजे शेवटी शेतसाऱ्यातून. आज ज्याला आपण पीपीपी म्हणतो, त्याचा हा पणजोबा. परतावा पक्का असल्यावर काटकसर कोण करणार? खर्च इतका फुगला की १८६९च्या सुमारास सरकारनेच धोरण बदललं आणि काही मार्ग स्वतः बांधायचे ठरवलं.

त्या बदलाचं अगदी सुरुवातीचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. जलंब ते खामगाव, जेमतेम १३ किलोमीटर. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला खामगावला आले होते. मार्ग सरकारी, गाड्या चालवणार कंपनी. एवढ्या छोट्या फाट्यासाठी एवढा मोठा साहेब का, तर कापूस. मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता आणि खामगावची बाजारपेठ तेव्हा नावाजलेली होती. म्हणजे संस्था बदलली, मालक बदलला, पण रूळ जिथे माल होता तिथेच थांबले. घाटावर कोणी चढलं नाही.

शेजारची शकुंतला आपल्याला ठाऊक आहे. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, एक यवतमाळला, मिळून सुमारे १९० किलोमीटरची छोटी लाइन. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, व्यवस्थापन किलिक निक्सनचं. १९५१ नंतर देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या तरी ही मालकी तशीच राहिली. गाडी भारतीय रेल्वेने चालवायची आणि कंपनीला तिचा वाटा द्यायचा. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली. आपल्याकडे तिच्यावर हळवेपणाने लिहिलं जातं, आम्हालाही ती आवडते. पण रूळ खराब होत गेले, वेग कमी होत गेला आणि शेवटी गाडी थांबली. मालकाला वाटलं वापरणारा दुरुस्ती करेल, वापरणाऱ्याला वाटलं वस्तू आपली नाही. शाश्वत वाहतुकीवर आज परिषदा भरतात. त्यात शकुंतलेचा एक तास ठेवावा असं आमचं मत आहे.

घाटावर चाकं आली ती मोटारींची. खाजगी मोटार भरली की सुटायची, नाही भरली तर नाही सुटायची. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची शिस्त आणली. मध्य प्रांत-वऱ्हाडात पुढे सरकारचं भागभांडवल असलेल्या मोटार कंपन्याही झाल्या. तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली होती, आणि १९५० मध्ये मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा आला. १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात आला, तशी इथली सरकारी बससेवाही त्या महामंडळात मिळाली.

इथे थोडं थांबू, कारण आमच्या मते खरा बदल हा आहे. एसटीच्या हिशेबात लांब पल्ल्याच्या गाडीने कमवायचं आणि खेड्याच्या फेरीने खायचं, हे धरलेलंच होतं. तोटा लपवला नव्हता, तो संस्थेने आपल्या वहीत घेतला होता. सकाळच्या फेरीत शाळेच्या दहा मुली असल्या तरी गाडी सुटते, ती यामुळे. पुढे लांब पल्ल्याचे प्रवासी खाजगी ट्रॅव्हल्सकडे वळत गेले. कमावणारा हात लुळा पडला, खाणारी तोंडं तेवढीच राहिली. २०२१-२२चा महिनोन्‌महिने चाललेला संप एसटी शासनात विलीन करा या मागणीसाठी होता, तो या पार्श्वभूमीवर पाहावा. नंतर, मार्च २०२३ पासून, महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत आली आणि तिचा भार राज्य शासनाने घेतला.

आता समृद्धी. १९९६ साली स्थापन झालेल्या रस्ते विकास महामंडळाने ७०१ किलोमीटरचा हा मार्ग बांधला. कर्ज काढायचं, खाजगी कंत्राटदारांकडून काम करून घ्यायचं, टोलमधून फेडायचं, अशी मांडणी. जमीन आधी भूसंचय पद्धतीने घेणार होते. शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा थेट खरेदी आली. गावकऱ्यांच्या नकारामुळे योजनेची रचना बदलली, हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे. रस्ता आपल्या मेहकर तालुक्यातून जातो. पण त्यावर दुचाकी नाही, ऑटो नाही, ट्रॅक्टर नाही. म्हणजे आपल्या पंगतीचं मुख्य वाहनच नाही!

आणि इलेक्ट्रिक बस. १ जून २०२२ला पुन्हा पुणे-अहमदनगरवरच पहिली ई-शिवाई धावली. २०२३ मध्ये एसटीने ५,१५० ई-बस भाड्याने घेण्याचा करार केला. गाडी आणि चालक कंपनीचा, वाहक एसटीचा, पैसे किलोमीटरवर. गाड्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत, तो भाग वेगळा. आम्ही कराराच्या विरोधात नाही. डिझेल वाचतं, एकदम भांडवल घालावं लागत नाही. पण गाडी रिकामी धावली तरी कंपनीला किलोमीटरचे पैसे मिळणार आणि रिकाम्या सीटचा तोटा एसटीचा. ५ टक्क्यांची ती जुनी हमी आठवते ना? मग पैसे वाचवायला आधी कोणती फेरी बंद होईल? नागपूर-पुणे नक्कीच नाही.

खामगाव-जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. आता निम्मा खर्च राज्याने उचलायची तयारी दाखवली आहे. झाली तर घाटावरून, चिखली-देऊळगाव राजावरून जाईल. तेव्हा चिखलीच्या स्टेशनावरून हिवऱ्याला सुटणारी बस कोणाच्या वहीत असेल, हे तिकीट खिडकी बांधायच्या आधीच विचारायला हवं. मेहकर आगारात आज कोणत्या फेऱ्या चालू आहेत आणि गेल्या दहा वर्षांत कोणत्या बंद झाल्या, एवढी यादी आपल्यापैकी कोणी काढून आणली तर पुढच्या वेळी तीच समोर ठेवून बोलू.