जालियनवाला बागेची छायाचित्रे : पुरावा आणि मांडणी

अमृतसरच्या जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी डायरच्या सैनिकांनी १६५० फैरी झाडल्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे मरण पावली. या हत्याकांडाचे प्रत्यक्ष छायाचित्र मात्र उपलब्ध नाही. पाठ्यपुस्तकांतून दिसतात ती छायाचित्रे नंतरची आहेत. त्यांपैकी महत्त्वाची छायाचित्रे मुंबईचे नारायण विनायक विरकर यांनी घेतली. लोकमान्य टिळकांची छायाचित्रे घेणारे ते हेच विरकर.

विरकरांसमोर अडचण होती ती अशी की, भिंतीवरील गोळीचे भोक कॅमेऱ्यात साध्या पोपड्यासारखे दिसते. म्हणून भोकांभोवती पांढऱ्या खुणा केल्या गेल्या आणि शेजारी माणसे उभी केली गेली. म्हणजे दृश्य सजवलेले आहे, हे मान्यच केले पाहिजे. मग ही छायाचित्रे खोटी ठरतात काय?

येथे लखनौचे उदाहरण उद्‌बोधक ठरेल. नवाब वाजिद अली शाह यांच्या सिकंदर बागेत नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रज फौजेने सुमारे दोन हजार बंडवाल्या शिपायांना ठार केले. फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार तेथे पोहोचला तो १८५८ च्या वसंतात. तोवर प्रेते पुरली गेली होती. तरीही त्याच्या प्रसिद्ध चित्रात अंगणभर हाडे विखुरलेली दिसतात. ती चित्रासाठी उकरून मांडण्यात आली होती. कत्तल खरीच होती, पण पाहणाऱ्याला आपण दुसऱ्याच दिवशीचे दृश्य पाहतो आहोत असे वाटते, आणि तसे वाटावे हाच हेतू. मेलेल्यांची विटंबना झाली ती वेगळीच.

विरकरांची पांढरी खूण लपत नाही. ती कोणीतरी नंतर केली, हे चित्रच सांगते. भोक तेथे आधीपासून होते. खुणेने केवळ बोट दाखवले. शिवाय ही चित्रे एकटी नाहीत. गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मुकुंदराव जयकर यांच्या काँग्रेस चौकशी समितीने १७०० हून अधिक साक्षी तपासल्या व सुमारे ६५० प्रसिद्ध केल्या. भिंत आणि जबानी एकमेकींशी ताडून पाहता येतात. बिआतोच्या हाडांना अशी सोबत नाही.

वर्गात चित्र दाखवताना त्याखाली घटनेची तारीख लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. चित्र घेतल्याची तारीख क्वचितच लिहिली जाते. आपल्या बाजूच्या दुःखाचे चित्र असले, तर तीही विचारण्याचे राहून जाते.