नेत्रातील क-जीवनसत्त्व : एका अनुमानाचा इतिहास

एखादे द्रव्य शरीराच्या विशिष्ट भागात विपुल आढळले, म्हणजे तेथे त्याचे काही विशेष कार्य असलेच पाहिजे, असे अनुमान सहज केले जाते. हे अनुमान कितपत टिकते, याचे बोधप्रद उदाहरण नेत्रातील क-जीवनसत्त्वाच्या संशोधनात आढळते.

सेंट-ड्यॉर्डी यांनी १९२८ मध्ये अधिवृक्क ग्रंथींतून वेगळे केलेले ‘हेक्झुरॉनिक आम्ल’ आणि स्कर्व्हीचा प्रतिबंध करणारे जीवनसत्त्व ही एकच होत, हे १९३२ मध्ये सिद्ध झाले. लगेच १९३३ मध्ये फॉन ऑयलर व मार्टिउस यांना नेत्रभिंगात ते मोठ्या प्रमाणात आढळले. १९३४ मध्ये म्यूलर व बुश्के यांनी भिंग, त्यापुढील नेत्रजल आणि रक्त यांतील प्रमाणांची तुलना प्रसिद्ध केली. मोतीबिंदू झालेल्या भिंगात हे द्रव्य कमी भरते, ही गोष्टही लवकरच ध्यानात आली. परंतु ही न्यूनता मोतीबिंदूचे कारण की परिणाम, हे केवळ मापनाने ठरण्याजोगे नव्हते.

मनुष्याच्या नेत्रजलात या जीवनसत्त्वाचे प्रमाण रक्तद्रवातील प्रमाणाच्या सुमारे वीसपट असते. एवढा फरक केवळ पाझरण्याने पडू शकत नाही. १९४३ मध्ये फ्रीडेनवाल्ड, बुश्के व मिशेल यांनी नेत्रजलाच्या स्रवणातच या द्रव्याचा वाटा असावा, अशी उपपत्ती मांडली. ती आकर्षक होती. पण टिकली नाही. १९५४ मध्ये बेकर यांनी ॲसिटाझोलामाइडने नेत्रांतर्गत दाब उतरतो असे दाखविले, १९५७ मध्ये स्को यांनी सोडियम बाहेर टाकणाऱ्या विकराचा शोध लावला, आणि स्रवणाचा उलगडा निराळ्या दिशेने झाला. याउलट किन्सी यांचे १९४७ चे निरीक्षण चिरस्थायी ठरले. रक्तातील प्रमाण कितीही वाढविले, तरी नेत्रजलातील प्रमाण एका मर्यादेपुढे जात नाही. अर्थात येथे वाहकांची संख्या परिमित असली पाहिजे. १९९९ मध्ये अशा वाहक प्रथिनांची जनुके हाती आली, तेव्हा या तर्काला मूर्त आधार मिळाला.

मग कार्य कोणते? दिनचर प्राण्यांच्या नेत्रजलात हे द्रव्य निशाचरांपेक्षा बरेच अधिक असते, आणि ते जंबुपार किरण शोषते. यावरून प्रकाशापासून संरक्षण हे त्याचे कार्य मानण्यास सबळ आधार मिळतो. तथापि संरक्षक द्रव्य अधिक दिल्याने रोग टळतोच, असे नाही. अमेरिकेत साडेचार हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ५०० मिलिग्रॅम क-जीवनसत्त्व, ई-जीवनसत्त्व व बीटा-कॅरोटीन देऊनही मोतीबिंदूच्या वाढीवर परिणाम दिसला नाही. किन्सी यांच्या मर्यादेचे स्मरण ठेवल्यास या निष्कर्षाचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

विपुलता, कार्य आणि उपचार या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत; एकीवरील पुराव्याने दुसरी चढता येत नाही, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.